अर्धं दिलं, पूर्ण लिहिलं

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या सिस्टर एका तालुक्याच्या गावी खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहेत. जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, होऊन काही वर्षं झाली, नोकरी कंत्राटी. रात्रपाळीला पूर्ण वॉर्डाला दोन सिस्टर आणि एक मावशी. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालेले ७८ वर्षांचे एक आजोबा दुसऱ्या रात्री एकदम बरळायला लागले. इंट्राकॅथ, म्हणजे औषधासाठी शिरेत बसवलेली नळी, उपटून टाकला, लघवीची नळी ओढायला लागले, 'गुरं सुटली, मला जाऊ द्या' म्हणत कॉटवरून उतरू बघत होते. मुलाने आणि शेजारच्या पेशंटच्या लोकांनी आग्रह धरला, 'सिस्टर, झोपेचं इंजेक्शन द्या.' ड्यूटी डॉक्टर कॅज्युअल्टीत अडकले होते. फोनवर म्हणाले, 'मिडॅझ एक अँप्यूल देऊन टाका.' मिडॅझ म्हणजे मिडॅझोलाम, गुंगीचं औषध. संध्याकाळीच ट्रामाडॉल हे वेदनाशामक दिलेलं होतं. सिस्टरांना भीती वाटली, म्हणून नवा इंट्राकॅथ टाकून त्यांनी अर्धंच दिलं, पण केसपेपरवर सांगितल्याप्रमाणे पूर्ण लिहिलं. उरलेली सिरिंज 'लागली तर असावी' म्हणून ट्रेमध्ये ठेवली. आजोबा लगेच झोपले, घोरायला लागले. वीसेक मिनिटांनी पल्स ऑक्सिमीटर लावला तर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ८१ टक्के. ऑक्सिजन लावून, हलवून, हाका मारून जागं केलं. आजोबा आता घरी आहेत, वॉकर घेऊन चालतात. घडलेलं कुठेच लिहिलेलं नाही. सिस्टर विचारतात, 'पुढच्या वेळी सरळ नाही म्हणू का? नाही म्हटलं तर नोकरी जाईल, हो म्हटलं तर एखाद्याचा जीव. की मीच भित्री आहे?'

सिस्टर,

भित्र्या तुम्ही नाही. तुम्ही पुन्हा खाटेपाशी गेलात आणि आजोबांच्या बोटाला प्रोब लावलात, म्हणून ते आज चालताहेत. हे आधी सांगते, कारण पुढचं थोडं कडक वाटेल. भूलशास्त्रात माझी सगळी उमेद गेली, आणि या बाबतीत गुळमुळीत बोलणं मला जमत नाही.

तुमच्या पत्रात दोनच वाटा दिसतात. डॉक्टरांचं ऐकायचं किंवा नाही म्हणायचं. दोन्ही नकोत म्हणून तुम्ही गुपचूप अर्धं दिलंत आणि पूर्ण लिहिलंत. मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. केसपेपरवर काय उरलं ते बघा: मिडॅझोलाम एक अँप्यूल दिलं, पेशंट झोपला. समजा त्याच्या पुढच्या रात्री आजोबा पुन्हा बरळले असते, तुमच्या जागी दुसरी सिस्टर असती, डॉक्टरही वेगळे. त्यांनी विचारलं असतं, काल काय दिलं होतं? तिने वाचून दाखवलं असतं. 'काल सोसलं ना, मग आजही तेवढंच द्या.' आणि तिने प्रामाणिकपणे पूर्ण दिलं असतं. अर्ध्यातच ८१ वर आलेल्या माणसाला.

म्हणून पहिलं काम हेच. आजोबा घरी गेले असले तरी फाइल रुग्णालयात आहे. जुन्या नोंदीवर गिरवू नका, व्हाइटनर लावू नका, पान बदलू नका. आजची तारीख, वेळ आणि 'उशिरा केलेली नोंद' असं लिहून त्याखाली घडलं ते लिहा: किती मिलिग्रॅम दिलं, किती वेळात दिलं, सॅच्युरेशन किती झालं, काय केलं, किती वेळाने ठीक झालं. फाइल रेकॉर्ड विभागात गेली असेल तर हेच सगळं इन्चार्ज सिस्टरांना लेखी द्या आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तोंडीही सांगा. रागावतील कदाचित. पण त्यांना सांगायचं कारण तुमच्या मनाचं ओझं हलकं करणं एवढंच नाही. या आजोबांना मिडॅझोलामच्या अर्ध्या अँप्यूलनेही श्वासाचा त्रास झाला, ही माहिती त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर यायला हवी. उद्या मोतीबिंदूसाठी किंवा दुर्बिणीच्या तपासणीसाठी ते कुठेतरी आडवे होतील, तेव्हा तिथल्या भूलतज्ज्ञाला हे माहीत असलं पाहिजे.

आता त्या अर्ध्याबद्दल. तुमच्या पत्रात अँप्यूल आहे, अर्धं आहे, पूर्ण आहे, पण मिलिग्रॅम कुठेच नाही. फोनवरच्या ऑर्डरमध्येही नव्हतं. मिडॅझोलाम एका मिलीलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असलेलंही मिळतं आणि ५ मिलिग्रॅम असलेलंही. स्टोअरमध्ये या आठवड्यात एका कंपनीचं, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीचं. त्यामुळे 'एक सीसी (म्हणजे एक मिलीलिटर) दे' या एकाच वाक्यातून पाचपट फरक पडू शकतो. ब्रिटनमध्ये याच गोंधळातून माणसं दगावली, आणि २००८ मध्ये तिथल्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने रुग्णालयांना सांगितलं की तीव्र द्रावण जिथे खरंच लागतं तिथेच ठेवा, बाकी वॉर्डांत फक्त १ मिलिग्रॅमवालं. आपल्याकडे असं करायला कुठल्याही आदेशाची वाट बघावी लागत नाही. तुमच्या वॉर्डाच्या कपाटात एकच तीव्रता राहील एवढं इन्चार्ज आणि फार्मसिस्ट मिळून ठरवू शकतात.

तुमची अँप्यूल ५ मिलिग्रॅमची होती असं धरलं, तर तुम्ही अडीच दिलंत. या औषधाच्या माहितीपत्रकात साठीपुढच्या माणसासाठी, तपासणीपूर्वीच्या गुंगीसाठी, पहिला डोस १.५ मिलिग्रॅमच्या वर नको असं लिहिलेलं असतं, तोही किमान दोन मिनिटांत हळूहळू, आणि मग आणखी दोन मिनिटं थांबून परिणाम बघायचा. सगळं मिळून ३.५ मिलिग्रॅमच्या वर सहसा लागतच नाही. सोबत ट्रामाडॉलसारखं वेदनाशामक गेलेलं असेल तर आणखी कमी, कारण दोन्ही मिळून श्वास दाबतात. म्हणजे तुम्ही घाबरून कमी केलेला डोसही या आजोबांना जास्तच होता. हे आकडे मी तुम्ही स्वतः डोस ठरवावा म्हणून देत नाही. फोनवर 'सर, वय ७८ आहे, किती मिलिग्रॅम?' हा प्रश्न ठामपणे विचारता यावा म्हणून देते.

आणि ती ट्रेमधली सिरिंज. पाण्यासारखं रंगहीन द्रावण, नाव नसलेली सिरिंज. पहाटे मावशीने ट्रे सरकवला, दुसऱ्या सिस्टरने ती नळी धुवायच्या सलाइनची समजून कुणाच्या तरी इंट्राकॅथमध्ये मारली, तर? गुंगीचं औषध भरलेल्या सिरिंजवर नाव, मिलिग्रॅम आणि वेळ लिहिलेलं स्टिकर हवंच. भरून ठेवायचंच नाही, हे त्याहून बरं. उरलेलं साक्षीदारासमोर टाकून रजिस्टरला दोघींच्या सह्या करायच्या. मिडॅझोलाम अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारं औषध आहे. त्याचा हिशेब लागला नाही तर बोट आधी सिस्टरकडेच जातं.

पण माझ्या मते तुमच्या रात्रीची खरी गोष्ट इंजेक्शननंतरच्या वीस मिनिटांत आहे. मिडॅझोलाम शिरेतून दिलं की दोन-तीन मिनिटांत असर दिसायला लागतो आणि आणखी थोड्या वेळाने तो टोकाला जातो. म्हाताऱ्या माणसात रक्त सावकाश फिरतं, म्हणून हे सगळं आणखी उशिरा होतं. नेमक्या याच वेळात आपण ट्रे उचलतो आणि दुसऱ्या खाटेकडे जातो, कारण पेशंट 'शांत' झालेला असतो. आजोबा घोरायला लागले तेव्हा मुलगा म्हणाला असेल, छान झोप लागली. ते घोरणं म्हणजे जीभ मागे पडून हवेची वाट अडत होती. अशा वेळी हनुवटी वर उचलायची, जबडा पुढे ओढायचा, एका कुशीला वळवायचं. घोरणं थांबून श्वास मोकळा होतो का ते तिथेच उभं राहून बघायचं.

सॅच्युरेशनच्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका. ऑक्सिजन लावलेला असला की आकडा ९७-९८ दाखवत राहतो आणि माणूस मिनिटाला सहाच श्वास घेत असतो. आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो, गुंगी आणखी वाढते, आणि आकडा खाली येतो तो अगदी शेवटी. म्हणून छातीवर तळहात ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं इथे चालत नाही, मंद श्वासात ती चूक फार मोठी होते. दहाच्या खाली गेले, किंवा नावाने हाक मारून खांद्याला हलवल्यावरही डोळे उघडले नाहीत, तर डॉक्टर फोनवर नको, खाटेपाशी हवेत.

अमेरिकेत टेनेसी राज्यात २०१७ च्या डिसेंबरात घडलेलं प्रकरण नर्सिंगमधल्या बऱ्याच जणींना माहीत आहे. स्कॅनच्या वेळी घाबरू नये म्हणून ७५ वर्षांच्या एका बाईंना मिडॅझोलाम द्यायचं होतं. नर्सने यंत्राच्या कपाटातून चुकून वेक्युरोनियम काढलं. ते स्नायू पूर्ण लुळे करणारं, भूल देताना वापरायचं औषध. बाई गेल्या. त्या नर्सने चूक स्वतः कबूल केली, तरी २०२२ मध्ये तिला फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवलं आणि तुरुंगाऐवजी तीन वर्षांची परिविक्षा (प्रोबेशन) दिली. जगभरातल्या नर्सेस संतापल्या, आणि तो संताप मला समजतो. मला त्यात आणखी एक गोष्ट बोचते. इंजेक्शन दिल्यावर त्या बाईंजवळ कुणी थांबलं नव्हतं. मॉनिटर लावलेला नव्हता. बरोबर औषध दिलं असतं तरीही तिथे कुणीतरी असायलाच हवं होतं.

तुमच्या मनात येईल, तिने खरं सांगितलं आणि शिक्षा तिलाच झाली, मग मी का लिहू? भीती खोटी नाही. पण तुमच्यापुढे उद्या प्रश्न आलाच तर 'डोस चुकला' यापेक्षा 'नोंद खोटी आहे' हे जास्त जड जाईल, आणि त्यावर तुमची बाजू कुणालाच घेता येणार नाही. वेळच्या वेळी केलेली खरी नोंद हीच वॉर्डातल्या नर्सच्या हातातली एकमेव लेखी साक्ष असते.

आता थोडं मागे जाऊ. आजोबांना इंजेक्शन लागत होतं का? की ते वॉर्डाला लागत होतं? मी हे दोष द्यायला विचारत नाही. तीस माणसं जागी आहेत, मुलगा रडकुंडीला आलाय, तुम्ही दोघीच. झोपेचं इंजेक्शन मागितलं जातं ते अशाच वेळी. पण मोठ्या ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसाला असा भ्रम होणं, घरी ज्याला वात झाला म्हणतात, हे मेंदूने दिलेलं लक्षण असतं. ताप आल्यावर आपण जसं कारण शोधतो तसंच इथेही शोधायचं. सॅच्युरेशन आधीच कमी आहे का? ग्लुकोमीटरवर साखर किती? नळीतून लघवी येतेय का, की नळी दबली आहे आणि ओटीपोट फुगलंय? नळी ओढणारा पेशंट कधी कधी अगदी रास्त कारणाने ओढत असतो. दुखतंय का? ताप? पोट किती दिवस साफ नाही? सोडियम शेवटचं कधी तपासलं? फेनर्गन किंवा एव्हिल दिलंय का? ही ॲलर्जीची औषधं झोप आणतात, पण म्हाताऱ्यांचा भ्रम वाढवतात. मिडॅझोलामच्या जातीची औषधंही वाढवतात, म्हणून २०१८ च्या आंतरराष्ट्रीय अतिदक्षता मार्गदर्शक सूचनांत व्हेंटिलेटरवरच्या मोठ्या माणसांसाठीसुद्धा ती पहिली पसंती राहिलेली नाहीत.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. मुलाला बाजूला घेऊन विचारा, वडील रोज दारू घेतात का, शेवटची कधी घेतली? झोपेची गोळी रोजची आहे का? दारू किंवा अल्प्राझोलाम एकदम बंद झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणं, घाम, बरळणं सुरू होतं. तिथे मिडॅझोलामच्याच जातीचं लोराझेपाम किंवा डायझेपाम हाच उपचार असतो, आणि तो न देणं धोक्याचं. म्हणून 'म्हाताऱ्यांना गुंगीचं इंजेक्शन कधीच नको' असा नियम मी सांगत नाही. कारण कळल्याशिवाय नको आणि जवळ कुणी नसताना नको, एवढंच सांगते.

'गुरं सुटली' म्हणणाऱ्या माणसाला 'तुम्ही दवाखान्यात आहात' असं ओरडून सांगण्याचा उपयोग नसतो. मुलाला जवळ बसवा, हात हातात घ्यायला सांगा, आणि त्याच्या नेहमीच्या बोलण्यात म्हणू द्या, 'आबा, गोठ्याचं दार लावलंय, मी बघून आलोय.' चष्मा द्या. ऐकायचं यंत्र पिशवीत राहिलेलं असतं, ते कानात घाला. डोक्यावरची ट्यूब बंद करून एक लहान दिवा ठेवा. निम्म्या वेळा एवढ्यावर भागतं असं मी म्हणणार नाही, पण बऱ्याचदा डॉक्टर येईपर्यंतचा वेळ मिळतो. हात क्रेप बँडेजने बांधणं मात्र टाळा, बांधलेला माणूस आणखी झगडतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये मनोरुग्णालयांना बजावलं आहे की माणसं कमी आहेत म्हणून पेशंटला जखडता येणार नाही. माझ्या मते साध्या वॉर्डातही हीच कसोटी लावावी, दोरीलाही आणि इंजेक्शनलाही.

एवढं करूनही पेशंट आवरत नसेल आणि स्वतःला इजा करून घेणार असेल, तर औषध लागतं. तो निर्णय डॉक्टरांचा. पण त्यांना निर्णय घेता यावा अशी माहिती देणं तुमच्या हातात आहे. 'सर, पेशंट खूप त्रास देतोय' या वाक्याला 'मिडॅझ द्या' हेच उत्तर येणार. त्याऐवजी असं बोलून बघा: 'सर, बारा नंबरचे आजोबा, वय ७८, खुब्याच्या ऑपरेशनची दुसरी रात्र. तासाभरापासून भ्रम आहे, इंट्राकॅथ काढलाय. सॅच्युरेशन ९३, साखर १४०, नळी चालू आहे, ताप नाही. सात वाजता ट्रामाडॉल दिलंय. मुलगा म्हणतो दारू नाही. तुम्ही येऊन बघाल का?' मग डॉक्टरांनी औषध सांगितलंच तर नाव, मिलिग्रॅम आणि कुठून द्यायचं ते फोनवर परत म्हणून दाखवा, दुसऱ्या सिस्टरला ऐकायला लावा, वेळेसकट लिहा, आणि सकाळी त्यांची सही घ्या. त्यानंतर एकच वाक्य: 'सर, इथे मॉनिटर नाही आणि दिल्यावर थांबायला कुणी नाही. पेशंटला आयसीयूत हलवू का, की तुम्ही येताय?' हा नकार नाही. अशी वाक्यं पहाटे तीन वाजता सुचत नाहीत, म्हणून दिवसा लिहून नर्सिंग स्टेशनवर चिकटवून ठेवा.

इमर्जन्सी ट्रॉलीत मिडॅझोलामचा उतारा, फ्लुमाझेनिल, आहे का ते या आठवड्यात बघा आणि मुदतही बघा. तो साधारण तासाभरात उतरतो, मिडॅझोलाम त्यानंतरही अंगात उरतं, त्यामुळे जागा झालेला पेशंट पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. रोज झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याला त्याने झटके येऊ शकतात, म्हणून तोही डॉक्टरांसमोरच. फेनर्गन, भ्रमात दिलं जाणारं हॅलोपेरिडॉल, भूल द्यायचं प्रोपोफॉल यांना तो लागू पडत नाही. तिथे हाताने दाबून श्वास द्यायची ॲम्बू बॅग, नीट बसणारा मास्क आणि चालू सक्शन हेच कामाला येतं. प्रोपोफॉलची पांढरी व्हायल वॉर्डात ठेवूच नये. तिला उतारा नाही, उघडल्यावर त्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि एकाचं उरलेलं दुसऱ्याला कधीच द्यायचं नसतं. फेनर्गन शिरेतून देणंही टाळा. ते शिरेबाहेर पडलं किंवा चुकून धमनीत गेलं तर बोटं, हात काळे पडून कापावे लागले आहेत, आणि म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

हे वाचणाऱ्या नातेवाइकांसाठी थोडं. रात्री सिस्टरकडे झोपेचं इंजेक्शन मागू नका, 'असं का होतंय ते डॉक्टरांना बघायला सांगाल का' असं म्हणा. इंजेक्शन द्यायचं ठरलंच तर कोणतं, किती मिलिग्रॅम, कशासाठी आणि नंतर लक्ष कोण ठेवणार, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. घरची झोपेची गोळी गुपचूप देऊ नका. दारू, झोपेच्या गोळ्या, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, पार्किन्सन हे सगळं दाखल करतानाच सांगा. पार्किन्सनच्या पेशंटला हॅलोपेरिडॉल दिलं तर माणूस लाकडासारखा ताठतो.

राहिली नोकरी. एकटीने रात्री वाद घालू नका, तिथे तुमची बाजू सर्वांत कमजोर असते. तुमच्याकडे येणाऱ्या भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या दिवशी गाठा. मी या जमातीला आतून ओळखते. मॉनिटरशिवाय मिडॅझोलाम दिलं जातंय हे ऐकून त्यांची झोप उडेल, आणि त्यांचा शब्द व्यवस्थापन ऐकतं. इन्चार्ज सिस्टरांना सोबत घेऊन एक पानाचा नियम मागा: वॉर्डात शिरेतून गुंगीचं औषध दिलं जाईल ते डॉक्टर हजर असताना, मॉनिटर लावून, एक माणूस पेशंटजवळ थांबवून, एरवी नाही. रुग्णालयाला एनएबीएचची (रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता हवी असेल तर असे नियम त्यांना करावेच लागतात. एवढं करूनही रात्री फोनवरून अँप्यूलच सांगितली जात राहिली, तर दुसरं रुग्णालय शोधायला लागा, राजीनामा आधी देऊ नका. मुलाखतीला जाल तेव्हा पगाराबरोबर तिथे दोन गोष्टी विचारा: रात्री वॉर्डात चालू मॉनिटर किती असतात, आणि बोलावल्यावर भूलतज्ज्ञ किती मिनिटांत येतात.